शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर सुरू झालाय: आवाज आणि हादरे मोजायचे कसे, आणि मोजून करायचं काय?

दुसरामजला_कोथरूड | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, मदत हवी आहे. आमची सोसायटी जुनी, तीन मजली, लोडबेअरिंगची, म्हणजे सगळा भार भिंतींवर. कंपाउंडला लागून असलेली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. पाडकाम कसंबसं सोसलं. आता दोन बेसमेंटचं खोदकाम चाललंय. वरची भर आणि मुरूम भराभर निघाला, मग काळा पाषाण लागला आणि पोकलेनला ब्रेकर, म्हणजे खडक फोडणारा हातोडा, चढला. सकाळी आठला टकटक सुरू होते ती फक्त जेवणाच्या सुट्टीत थांबते. अधूनमधून रात्री साडेदहा-अकरालाही चालू असते.

मोबाइलवरचं अ‍ॅप गॅलरीत ८२ ते ८८ दाखवतं. तळमजल्यावरच्या काकूंकडे मांडणीतली भांडी वाजतात, आणि बेडरूमच्या भिंतीला तडे गेलेत असं त्या म्हणतात. साइटवर गेलो तर सुपरवायझरने एक प्रिंटआउट पुढे केला, "साहेब, सगळं लिमिटमध्ये आहे." त्यावर पीपीव्ही ०.९ असं काहीतरी. लिमिट कुणाचं, ते त्यालाही सांगता येईना.

तर किती आवाज बेकायदा? हादऱ्यांनी खरंच इमारतीला इजा होते का? आणि आपण मोजायचं म्हटलं तर कुठे आणि कशाने?

तिरकस_पेठकर | सोमवार, रात्री १०:०५

अभिनंदन! तुमच्या सुपरवायझरकडे निदान प्रिंटआउट तरी आहे. आमच्या वेळी "काका, आता थोडेच दिवस" एवढ्यावर भागवलं होतं. ते थोडे दिवस तीन पावसाळे चालले.

चालू द्या. वाचतोय.

जिओफोनवाला | सोमवार, रात्री ११:२०

माझं पोटच या कामावर आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आवाज आणि हादरे ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. आवाजाला कायद्यात आकडा आहे. हादऱ्यांसाठी आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत काहीच नाही. मग साइटवर उसने आकडे वापरतात. सर्वात जास्त चालतो तो खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकातला, जो खरं तर खाणीतल्या सुरुंगांसाठी आहे. नाहीतर जर्मन मानक, डीआयएन ४१५०. तुमच्या सुपरवायझरचं लिमिट यातलंच एखादं असणार.

पीपीव्ही म्हणजे पीक पार्टिकल व्हेलॉसिटी. हादरा येतो तेव्हा जमिनीचा कण जागच्या जागी हलतो, त्या हलण्याचा सर्वात मोठा वेग, मिलिमीटर प्रति सेकंदात. परिपत्रकानुसार दुसऱ्याच्या मालकीच्या राहत्या घरांना ८ हर्ट्झखाली ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ मिमी प्रति सेकंद चालतात. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना तेच आकडे २, ५ आणि १० असे आहेत. म्हणजे फ्रिक्वेन्सी दिली नसेल तर नुसता पीपीव्ही वाचून काही ठरवता येत नाही. हळू हेलकावा इमारतीला जास्त वाईट, कारण इमारतीची स्वतःची डुलण्याची गती त्याच्या जवळ असते.

आता काकूंच्या भांड्यांबद्दल. माणसाचं शरीर हे फार नाजूक यंत्र आहे. ब्रिटिश मानक बीएस ५२२८ सांगतं की घरात बसलेल्या माणसाला ०.३ मिमी प्रति सेकंदाला हादरा जाणवू शकतो आणि १ ला तो तक्रार करायला उठतो. गिलाव्याला केसासारखी चीर पडायला मात्र त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यामुळे होतं असं की रहिवासी म्हणतात "घर हलतंय", कंत्राटदार म्हणतो "लिमिटच्या पाचपट खाली आहे", आणि दोघंही खरं बोलत असतात.

अंदाजासाठी एक हिशेब. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शिकेत पोकलेनवरच्या ब्रेकरसाठी २५ फुटांवर, म्हणजे साडेसात मीटरवर, साधारण २.३ मिमी प्रति सेकंद धरतात. अंतर दुप्पट झालं की तो पावणेतीन-तीन पटीने उतरतो, म्हणजे १५ मीटरवर ०.८ च्या आसपास. तुमच्या कागदावरचा ०.९ त्यामुळे मला खोटा वाटत नाही. पण तो कुठे, कधी आणि कसा मोजला ते विचारा. खरी गंमत तिथे असते.

दुसरामजला_कोथरूड | सोमवार, रात्री ११:४१

बापरे, इतकं सविस्तर! धन्यवाद. "खरी गंमत" म्हणजे काय ते सांगाल का?

जिओफोनवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

सांगतो. तीन दिशांना मोजणारा जिओफोन असतो, मुठीएवढा डबा. तो जमिनीला किंवा पायाला घट्ट चिकटलेला पाहिजे. मातीत खिळे रोवून, काँक्रीटवर प्लास्टर ऑफ पॅरिसने किंवा बोल्टने. नुसता फरशीवर ठेवला आणि ती फरशी पोकळ असली तर तो फरशीचा हादरा मोजतो. वाळूची पिशवी ठेवून भागवतात, ती चालते, पण हादरे मोठे असले की पिशवीसकट डबा सरकतो.

दुसरं म्हणजे जागा. मानकं जो आकडा देतात तो इमारतीच्या पायाशी, हादऱ्याच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीजवळ मोजायचा असतो. मी असे जिओफोन पाहिलेत जे साइट ऑफिसच्या कंटेनरमागे, खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला लावलेले होते. वाचन अचूक, फक्त ते कुणाच्याच घराचं नाही.

तिसरा मुद्दा ट्रिगरचा. यंत्राला सांगता येतं की अमुक पातळीच्या वर गेलं तरच नोंद कर. ती ५ वर लावली की महिनाभराच्या रिपोर्टवर "एकही घटना नाही" असं छापून येतं. ते ऐकायला छान वाटतं, पण ४.८ चे शंभर ठोके येऊन गेले असले तरी कागद तोच निघतो. म्हणून ट्रिगर लावलेला असो-नसो, ठरावीक अंतराने सर्वोच्च मूल्य नोंदवणारा हिस्टोग्राम मोड चालू ठेवायला सांगा.

आणि यंत्राचं घड्याळ. ते बरोबर लावलेलं नसेल तर दुपारी ३:१० चा ठोका ब्रेकरचा, की गेटवर रिव्हर्स घेणाऱ्या डंपरचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. साइटचं रोजचं लॉगशीट हवं: कोणतं मशीन, कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. ते शेजारी नसेल तर ग्राफवर नुसती शिखरं दिसतात, कारण कळत नाही.

वकिलीणबाई | मंगळवार, सकाळी ९:०२

आवाजाच्या कायद्याचं मी सांगते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे आकडे क्षणिक नाहीत, एलईक्यू आहेत, म्हणजे त्या संपूर्ण काळातल्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी. त्यामुळे अ‍ॅपवर एकदा ८८ दिसलं म्हणून "५५ ची मर्यादा मोडली" असं थेट म्हणता येत नाही. नियम ७ प्रमाणे पातळी १० डेसिबल किंवा अधिक ओलांडली गेली तर पीडित व्यक्ती प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते. प्राधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या दर्जाखाली नसलेला अधिकारी.

पण धागाकर्त्या, तुमच्या हाती याहून सोपं हत्यार आहे. २०१० च्या दुरुस्तीने नियम ५अ आला. आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरायचीच नाहीत, असं तो सांगतो. तिथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही. साडेदहाला ब्रेकर चालला हेच उल्लंघन. मीटर शोधत बसू नका. वेळ दिसेल असा व्हिडिओ घ्या, ११२ ला फोन करा, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजायचं.

दिवसाच्या आवाजासाठी मात्र मोजणी लागेलच.

खड्ड्यातला_इंजिनिअर | मंगळवार, दुपारी १:३०

कंत्राटदाराच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो, शिव्या नंतर घाला.

रात्रीचा ब्रेकर चूक, मान्य. पण रात्रीचं सगळंच काही मस्ती म्हणून चालत नाही. गर्दीच्या वेळी शहरात अवजड वाहनांना बंदी. डंपर आणि काँक्रीटचे ट्रान्झिट मिक्सर मग रात्रीच येणार. राफ्टचं, म्हणजे तळाच्या सलग पायाचं, काँक्रीट एकदा सुरू केलं की मध्येच थांबवता येत नाही, थंड सांधा (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधली न जुळलेली रेघ) राहिला तर पुढे तिथूनच पाणी येतं आणि आयुष्यभर रहिवासी आम्हालाच शिव्या घालतात. आणि पावसाळ्याआधी खड्डा वर आणला नाही तर तो भरून शेजारच्यांच्या भिंतीलाच धोका. म्हणजे तुमच्याच.

ब्रेकरला पर्याय आहेत. खडकाच्या कडेने जवळजवळ भोकं पाडून घेतली, ज्याला लाइन ड्रिलिंग म्हणतात, की खडक एकसंध राहत नाही आणि ठोक्याचा हादरा शेजारी कमी पोचतो. भोकांत फुगणारं रसायन भरून रात्रभरात खडक फोडता येतो, त्याला आवाजच नाही. डायमंड वायरसॉने कापता येतो. बंद पेटीतला, बॉक्स टाइप ब्रेकर साध्यापेक्षा बराच शांत असतो. पण प्रत्येकाला वेळ आणि पैसे लागतात, आणि टेंडरमध्ये तो आयटम नसेल तर साइट इंजिनिअरच्या हातात काही नसतं. बिल्डर आणि तुमची सोसायटी यांच्यात लेखी ठरलं तर आम्हीही सुटतो.

ऑपरेटरकडेही बघा. छिन्नी खडकावर नीट दाबून न धरता हवेत ठोके मारले की आवाज जास्त आणि काम शून्य. बोथट छिन्नीचंही तेच. सुपरवायझर खमक्या असेल तर एवढ्यानेही फरक पडतो.

तिरकस_पेठकर | मंगळवार, दुपारी १:४८

पत्र्यांचं काय हो साहेब? आमच्या इकडे पंचवीस फुटी हिरवे पत्रे लावले आणि म्हणाले आवाज अडेल. आता ब्रेकरचा आवाज येतो तो येतोच, वर पत्र्यांचा खडखडाट फुकट.

खड्ड्यातला_इंजिनिअर | मंगळवार, दुपारी २:१०

😀 पत्रे धुळीसाठी असतात. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये उंच आणि मोठ्या प्रकल्पांना ३५ फूट पत्रे सक्तीचे केले तेही हवेच्या प्रदूषणासाठीच. पातळ पत्रा आवाज फारसा अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट चालत नाही. जाड, आतून रॉकवूल लावलेले पडदे असतात, ते मशीनच्या अगदी जवळ लावायचे. आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असलात, खड्डा वरून थेट दिसत असला, तर कुठलीच भिंत उपयोगाची नाही. दिसतंय म्हणजे ऐकू येणार.

नाइटड्यूटी | मंगळवार, सायंकाळी ५:५५

मी नर्स आहे. आठवड्याआड रात्रपाळी. माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्यामुळे नियम ५अ माझ्या काही कामाचा नाही. मोजलेल्या आकड्यांत माझ्यासारख्यांसाठी काही तरतूद आहे का? की इयरप्लग हाच उपाय?

वकिलीणबाई | मंगळवार, सायंकाळी ६:३०

@नाइटड्यूटी, नियमात नाही. सोसायटीमार्फत बिल्डरकडून ब्रेकरचं वेळापत्रक आगाऊ मागून घ्या, कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला ब्रेकर आहे ते. देतात बरेचदा, कारण त्यात त्यांचा खर्च नाही.

चाळकरी_गिरगाव | मंगळवार, रात्री ९:२०

आम्ही मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ चं काम अंगावर घेतलेली माणसं. गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशनं जुन्या दाट वस्तीखाली झाली, त्यामुळे यातलं थोडंफार शिकलो.

कफ परेडच्या रात्रीच्या कामाचं प्रकरण आठवत असेल. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ तिथलं काम थांबवलं होतं, पुढच्या वर्षी अटींसह सवलत मिळाली. त्याच सुमारास फोर्टात दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या माथ्यावरच्या नक्षीकामाचा भाग पडला. मेट्रोमुळे पडला की नाही यावर वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, तज्ज्ञांची समिती बसली, आणि शेवटी हादऱ्यांवर नजर ठेवायच्या अटींवर बोगदा पुढे सरकला. सांगायचा मुद्दा हा की कोर्टातही शेवटी भांडण मोजणीवरच आलं. काम सुरू होण्याआधी इमारत कशी होती याचा कागद ज्याच्याकडे, त्याचं म्हणणं टिकतं.

आमच्या भिंतींना कल मोजणारे टिल्टमीटर, तड्यांवर त्यांची रुंदी मोजणारे क्रॅकमीटर आणि कोपऱ्यांवर खचणं मोजायचे सेटलमेंटचे पॉइंट लावले होते. पोरं त्याला "भिंतीचा ईसीजी" म्हणायची. एक मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर मधोमध उभं राहिलं की जमिनीपेक्षा कितीतरी जास्त हलतं. तळाशी वाचन कमी आणि वरच्या मजल्यावरची आजी घाबरलेली, हे रोजचं झालं होतं.

जिओफोनवाला | मंगळवार, रात्री १०:३५

@चाळकरी_गिरगाव, बरोबर. मजल्याच्या मध्यभागी पायापेक्षा दोन-तीन पट मोठा हादरा येणं नेहमीचं आहे, हलक्या लाकडी मजल्यावर त्याहूनही जास्त. पण मर्यादेचे आकडे पायाचे. म्हणून इमारतीच्या सुरक्षेसाठी पायाशी मोजा, आणि माणसांच्या त्रासासाठी हवं असेल तर दुसरा जिओफोन मजल्याच्या मधोमध ठेवा. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात टाकून भांडू नका.

आता तडे. दुसरामजला, काकूंच्या बेडरूममधले तडे नेमके कसे आहेत? आडवे, उभे, तिरके? कुठल्या भिंतीवर?

दुसरामजला_कोथरूड | बुधवार, सकाळी ८:४०

आज बघून आलो. एक आडवा, छताच्या खाली स्लॅबला धरून, तो बराच जुना दिसतो, आत कोळ्याचं जाळं आहे. दुसरा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलाय. ही भिंत साइटच्या बाजूची. कडा पांढऱ्याशुभ्र, आत धूळ नाही. आणि काकू म्हणतात की बाल्कनीचं दार हल्ली खाली घासतं.

जिओफोनवाला | बुधवार, सकाळी ९:१०

हे नीट वाचा, हादऱ्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

पहिला तडा जुना, आतलं जाळंच सांगतंय. ब्रेकरचा त्याच्याशी संबंध नाही. तक्रारीत तो घातलात तर कंत्राटदाराचा माणूस तेवढ्यावर बोट ठेवून बाकीचं उडवून लावेल. दुसरा तडा मात्र मला आवडलेला नाही. पायरीसारखा तिरका तडा, ताज्या कडा, दार घासणं, सगळं खड्ड्याच्याच बाजूला. ०.९ चा हादरा असं सहसा करत नाही. हे पाया खचण्याचं किंवा बाजूला सरकण्याचं लक्षण असू शकतं. खड्डा खणला की शेजारच्या मातीचा बाजूचा आधार जातो. खाली पाषाण असला तरी वरची भर आणि मुरूम मोकळी होते, आणि जुन्या लोडबेअरिंग इमारतींचे पाये बहुतेक त्यातच असतात. शिवाय खड्ड्यातलं पाणी दिवसरात्र उपसत असतील तर भूजल उतरून माती दबते ते वेगळंच.

ब्रेकर ऐकू येतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. खचणं ऐकू येत नाही.

आजच करायचं काम: तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्हीकडे प्लास्टरने चिकटवा. हालचाल झाली तर काच तडकते. प्लास्टिकचे चौकटी छापलेले टेल-टेल मिळतात, ते असतील तर उत्तम, त्यावर किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेला हेही कळतं. रोज एकाच वेळी वाचा, सकाळी लवकर, कारण उन्हाने तडे दिवसभरात उघडतात-मिटतात. आणि साइटकडून विचारा: खड्ड्याच्या तुमच्या बाजूला माती धरून ठेवणारे शोअर पाइल आहेत का, माती बाजूला सरकते का ते मोजणारा इनक्लिनोमीटर बसवलाय का, तुमच्या कंपाउंडवर आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर लेव्हलचे पॉइंट आहेत का? नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आठवडा घालवू नका.

खड्ड्यातला_इंजिनिअर | बुधवार, सकाळी ९:४५

अनुमोदन. आणि हे साइटलाही आजच कळवा, लेखी. खरं खचत असेल तर त्यांनाही आत्ताच हवंय ते कळायला. अशा वेळी त्या बाजूचं खोदकाम थांबवून तिथे आधी बर्म, म्हणजे मातीचा उतार, ठेवतात. कुठलाही शहाणा कंत्राटदार यावर वाद घालणार नाही.

सिंगापूरकर_मी | बुधवार, दुपारी १२:२०

थोडं विषयांतर. इथे सरकारनेच बांधकामाच्या आवाजाला वेगळे आकडे दिलेत. निवासी इमारतींपासून १५० मीटरच्या आतल्या साइटला सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये बारा तासांची सरासरी ७५ डेसिबल आणि कुठल्याही पाच मिनिटांची ९० च्या आत. रात्री १० नंतर ५५. शिवाय २०११ नंतर सुरू झालेल्या अशा साइटला रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला काम बंद. ७५ म्हणजे आपल्या ५५ च्या मानाने किती सैल! पण लागू होतो.

वकिलीणबाई | बुधवार, दुपारी १२:५०

हा मुद्दा फार योग्य. ५५ हा परिसराच्या एकूण आवाजाचा आकडा आहे, एका साइटचा नाही. कर्वे रोडला लागून घर असेल तर साइट नसतानाही ५५ ओलांडलेलंच असतं, आणि मग साइटवाला रस्त्याकडे बोट दाखवतो. बांधकामाला स्वतंत्र, पाळता येईल असा आकडा असता तर भांडण अर्ध्यावर आलं असतं.

जिओफोनवाला | बुधवार, दुपारी २:१५

म्हणूनच साइट बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही मोजायचं. त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी. रविवारी सुट्टी असते म्हणून रविवारची बेसलाइन घेतात, पण रविवारी रस्ताही रिकामा असतो. त्यापेक्षा कामाच्या दिवशी ब्रेकर जेवणाच्या सुट्टीला थांबतो, त्याच्या आधी-नंतरचा अर्धा तास आणि मधला अर्धा तास घ्या.

डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. ८० चे दोन ब्रेकर मिळून ८३ होतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात. ब्रेकर १० मीटरवर ९० धरा, २० मीटरवर ८४. तो सोळा तासांच्या दिवसात एकूण चारच तास ठोकत असेल तर दिवसाच्या सरासरीतून ६ वजा, राहिले ७८. म्हणजे नियम ७ मधले ५५ अधिक १०, हे तो चार तासांतच आरामात ओलांडतो. बिल्डरने चोवीस तासांची एकच सरासरी दाखवली तर घेऊ नका, दिवसाची आणि रात्रीची वेगळी मागा.

मीटर क्लास १ किंवा क्लास २ चा हवा, हे अचूकतेचे दर्जे आहेत. मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून ९४ दाखवतो का ते बघायचं, आणि ते वाचन कागदावर लिहायचं. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, मोठ्या भिंतीपासून साडेतीन मीटर दूर, माइकवर स्पंजचं टोपणं. गॅलरीतच मोजलंत तर भिंतीच्या परावर्तनाने तीनेक डेसिबल जास्त येतात, ते लिहून ठेवा म्हणजे नंतर कुणी पकडणार नाही.

मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो स्वतःच दाबतो, आणि प्रत्येक फोनचा वेगळा. अमेरिकेच्या निऑश या सरकारी संस्थेचं आयफोनसाठीचं फुकट अ‍ॅप त्यातल्या त्यात बरं. पण अ‍ॅपचा आकडा "मीटर मागवायची गरज आहे" एवढं ठरवण्यापुरता वापरा, अर्जात टाकू नका.

तिरकस_पेठकर | बुधवार, दुपारी २:४०

आणि एक विनंती, बेसलाइन गणपतीच्या आधीच्या महिन्यात घेऊ नका. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की ब्रेकर चालू आहे की बंद, हे बघायला खिडकीत जावं लागतं.

हेल्मेट_कंपल्सरी | बुधवार, सायंकाळी ७:०५

सेफ्टी ऑफिसर आहे. सगळा धागा वाचला, शेजाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण वीस मीटरवरचे ८४ मोजताना त्या ब्रेकरच्या शेजारी उभ्या असलेल्या हेल्परचा विचार कुणी केला नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही हद्द धरतात. हा माणूस त्याच्या वर दिवस काढतो, कानात कापसाचा बोळा घालून. हातातल्या जॅकहॅमरवाल्याचं तर बोटांपासून सुरू होतं, आधी मुंग्या, मग थंडीत बोटं पांढरी पडणं. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत जास्त आवाज आणि कंपनापासून संरक्षण मालकाने द्यायचं असं आहे. प्रत्यक्षात इयरमफ वाटले की ते हेल्मेटला लटकवून ठेवतात, कारण ते लावले की मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून आधी डंपरचा रस्ता वेगळा काढावा लागतो, मग मफ टिकतात.

मोजणीचे रिपोर्ट मागताना साइटच्या आतल्या आवाजाचेही मागा. तुम्हाला ते मागायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण मागितल्याने कुणीतरी मोजायला लागतं.

दुसरामजला_कोथरूड | शनिवार, रात्री ८:३०

अपडेट. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. खिडकीखालच्या तड्याबद्दल त्यांचंही तेच मत, पाया किंचित बसतोय. आमच्या बाजूचं खोदकाम थांबलंय, खड्ड्याच्या कडेला मातीचा बर्म ठेवलाय आणि आमच्या चारही कोपऱ्यांवर लेव्हलचे पॉइंट मारलेत. काच अजून शाबूत आहे. रात्रीचा ब्रेकर अर्ज दिल्यापासून बंद.

सोसायटी आणि बिल्डर यांच्यात पत्र होतंय. आम्ही मागितलं: इमारतीचा फोटोंसकट संयुक्त सर्व्हे, दोघांच्या सह्यांनिशी. पायाशी जिओफोन, खर्च त्यांचा, एजन्सी आमच्या पसंतीची. पीपीव्ही ३ ला इशारा, ५ ला काम थांबवायचं. आणि यंत्रातली मूळ फाइल दर आठवड्याला आम्हाला ईमेलने, नुसती पीडीएफ नाही. मूळ फाइलवर अडलंय. ते म्हणतात रिपोर्ट देतो ना, फाइल कशाला?

दुसरं म्हणजे आमचे चेअरमन म्हणतात जिओफोन गच्चीवर लावू, तिथे कुणी हात लावणार नाही. चालेल का?

जिओफोनवाला | शनिवार, रात्री ९:१५

फाइलवर अडून राहा. पीडीएफमध्ये एजन्सीने निवडलेले दिवस असतात, फाइलमध्ये ट्रिगर कितीवर होता, सेन्सर कधी काढला, कधी बंद पडला, सगळं असतं. ५ च्या आकड्यासोबत फ्रिक्वेन्सीही द्यायला सांगा. सर्व्हेत जुने तडेही प्रामाणिकपणे घाला, कोळ्याचं जाळं असलेला धरून, म्हणजे नवा पडला तर तो नवा ठरेल.

गच्चीवर नको. तिथे इमारतीचं डुलणं, पाण्याच्या टाकीचा पंप, कपडे वाळत घालायला आलेली माणसं, सगळं नोंदेल आणि आकडा मर्यादेशी ताडता येणार नाही. काकूंच्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, जोत्याला बोल्टने बसवा आणि वर जाळीचं कुलूपबंद झाकण. झाकण मात्र जोत्याला टेकू देऊ नका, नाहीतर पाऊस पडला की पावसाचे थेंब मोजत बसेल.